नऊ नंबरचा सदरा

॥ आल्ताग्रासिया माउली प्रसन्न ॥

सांता ब्रिहिदा साखर कारखाना,
४ नोव्हेंबर १९७१

चि. सौ. एनेरियास दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आणि कोकोची पिशवी गाडीवाल्याने हातोहात पोचवली. आईच्या पायाची सूज उतरली हे वाचून जीव हलका झाला. तिच्यासाठी खारवलेला मासा पाठवतो आहे. रात्रभर पाण्यात ठेवल्याशिवाय शिजवू नकोस, मागच्या वेळी तुम्ही सगळे दिवसभर पाणीच पीत बसला होता म्हणे.

इथे गळीत सुरू व्हायला अवकाश आहे. बॉयलर घासणारे सोडले तर कारखाना झोपलेला आहे. अशा दिवसांत गावाला एकच उद्योग असतो. सहा दिवस रविवारची वाट बघायची आणि रविवारी बेसबॉलच्या मैदानावर जाऊन घसा बसेपर्यंत ओरडायचं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो. यंदा मला आपल्या धाकट्याचा, चेन्चोचा सदरा मागावा लागणार.

तू लग्न होऊन डोंगरात गेलीस त्याला बरीच वर्षं झाली, म्हणून आठवण देतो. आपल्या बगळे संघातून कुणाला काढत नाहीत, त्याचा सदरा मागतात. संघाचा कारभारी त्याच्या दारात जातो, टोपी काढतो आणि सदरा मागतो. मग तो सदरा घरच्या बाईच्या हातून धुऊन, खळ घालून येतो आणि जाणारा गडी सगळ्यांसमोर तो नव्या गड्याच्या अंगात घालतो. कारभारी म्हणून मी अशा कितीतरी दारांत उभा राहिलो. कुठे कॉफी मिळाली, कुठे अंगावर कुत्रं सोडलं. पण त्यातलं कुठलंच दार माझ्याच अंगणातलं नव्हतं. चेन्चो अंगणापलीकडच्या खोलीत राहतो, माझ्याच ताटाला ताट लावून जेवतो.

त्याचं वय एक्केचाळीस. कॅचरचं काम कसं ते तुला माहीत आहे. सगळा डाव उकिडवं बसून चेंडू झेलायचे, आणि कुणी बेस चोरायला पळाला की उसळून उठून दुसऱ्या बेसवर फेकायचं. चेन्चो उठतो, पण आता उठण्याआधी हात जमिनीला टेकतो. टेकतो आणि चिमूटभर माती उचलून तळव्यांना चोळतो, म्हणजे लोकांना वाटावं की ही त्याची लकब आहे. लोकांना तसंच वाटतं. गल्लीतली पोरंही आता माती चोळूनच चेंडू फेकतात. मी मात्र त्याच्या हाताकडे बघत असतो. तेवढ्या वेळात पळणारा गडी दुसऱ्या बेसवर पोचून पँट झटकत असतो.

विल्फ्रिदो म्हणून बावीस वर्षांचा एक गडी आहे, बैलगाडीवर ऊस वाहायचा. त्याचा हात दैवी आहे. निर्णय कारखान्याच्या साहेबांचा नाही, माझाच आहे, आणि तो बरोबर आहे, म्हणूनच त्रास होतो. देवळात मेणबत्त्या लावताना रोज शब्द जुळवतो आणि घरी येईपर्यंत ते विस्कटतात. मग एक कल्पना सुचली. सुताराकडून चेन्चोसाठी महोगनीची झुलती खुर्ची करून घेतो आहे, पाठीवर बगळा कोरलेला. खुर्ची दिली की सदऱ्याचं आपसूक कळेल. तुला काय वाटतं?

आईला यातलं काही बोलू नकोस. तुझा लोभ आहेच, या वेळी थोडी अक्कलही पाठव.

तुझा दादा,
अन्सेल्मो

---

ला हाग्वा,
९ नोव्हेंबर

ति. दादास एनेरियाचा सा. न. वि. वि.

अक्कल मागितलीस म्हणून पाठवते. गाडीभाडं तुझ्याकडे.

खुर्ची कसली देतोस? आपला चेन्चो जन्मात कधी खुर्चीत बसलाय का? लहानपणी जेवायलासुद्धा चुलीपाशी उकिडवा बसायचा आणि आई म्हणायची की हा पोटातही असाच बसला होता म्हणून मला इतका त्रास झाला. कच्च्या संत्र्याचा चेंडू आणि पुठ्ठ्याचा हातमोजा घेऊन मी पिचर आणि तो कॅचर, विसरलास का? तू पंच होतास. तेव्हाही तुझा निकाल ठरलेला असायचा, फक्त तोंडातून बाहेर पडायला उशीर व्हायचा. तेवढ्यात आम्ही भांडून, रडून, पुन्हा खेळायला लागलेलो असायचो.

माझं ऐक. अंगणातून दहा पावलं चाल, टोपी काढ आणि सदरा माग. तो शिव्या देईल. खा. दोन दिवस जेवायला येणार नाही. मग तुझ्या बायकोच्या सांकोचो रश्श्याचा वास सुटला की येईल. आमचे हेसुद्धा म्हणाले की बातमी कडू असली तरी ती भावाने सांगावी, भाषणातून सांगू नये. ते महिन्यातून एकदाच बोलतात, तेव्हा ऐकत जा.

आणि देवळातल्या आवाजात बोलू नकोस. तो आवाज लावलास की ऐकणाऱ्याला आधी कुणीतरी गेल्यासारखं वाटतं.

आई बरी आहे. मासा भिजवला होता, तरी पाणी पीतच आहोत. जीव लावतोस तसाच लावत राहा.

एनेरिया

---

॥ आल्ताग्रासिया माउली प्रसन्न ॥

सांता ब्रिहिदा,
२३ नोव्हेंबर

चि. सौ. एनेरियास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं तेव्हा खुर्चीला रोगण लागून वाळलंही होतं. आता जे झालं ते ऐक आणि लगेच हसू नकोस.

परवाच्या मागच्या रविवारी सामना संपल्यावर मैदानातच समारंभ केला. पाद्रीबाबा ओव्हिदियो आले, ढोल आला, अकॉर्डियन आलं. मी भाषण केलं. म्हणालो की या माणसाने वीस वर्षं आपल्यासाठी उकिडवं बसून काढली, आता त्याने आरामात बसावं असं आम्हा सर्वांना वाटतं. माझ्या मते यापेक्षा स्पष्ट कसं सांगायचं? पण लोक हसले. त्यांना ती थट्टा वाटली. चेन्चोलाही वाटली. तो म्हणाला की खुर्ची झकास आहे, आता दोन डावांच्या मधे हिच्यातच बसत जाईन, आणि संघातल्या कुणी तिला हात लावला तर बोटं मोडीन. मग ढोल वाजायला लागला, तो खुर्ची डोक्यावर घेऊन नाचला, आणि एनेरिया, मीसुद्धा टाळ्या वाजवल्या. सदरा हा शब्द माझ्या जिभेवर आला होता, तो तिथेच राहिला.

त्यानंतर आठवडाभर तो अंगणापलीकडे शीळ घालत होता. रोज सकाळी दहा पावलांचं अंगण मला कारखान्याच्या शिवाराएवढं दिसायचं.

परवाच्या रविवारी तो नऊ नंबरचा सदरा घालून, मास्क काखेत मारून आणि खुर्ची खांद्यावर टाकून मैदानावर आला. बाकड्यापाशी विल्फ्रिदो उभा होता, अंगात बिननंबरी साधा सदरा. मी म्हणालो, आज प्लेटमागे विल्फ्रिदो बसेल. चेन्चोने मला विचारलं की आज, की आता नेहमीच? मी खाली बघितलं. एवढंच केलं. खाली बघितलं.

त्याने मास्क माझ्या हातात दिला, खुर्ची डोक्यावर घेतली आणि मैदान ओलांडून फाटकातून बाहेर गेला. लोकांना वाटलं की पुन्हा नाच आहे, म्हणून त्यांनी शिट्ट्या वाजवल्या. सोमवारच्या गाडीच्या टपावर खुर्ची बांधून तो तुमच्याकडे निघाला आहे. अंगात तोच सदरा आहे. निरोप घेतला नाही.

आम्ही जेवायला बसतो तेव्हा बायको अजून त्याचं ताट मांडते आणि मग उचलते. त्याला संभाळ. तो परत येईल ना, एवढंच कळव. माझ्यावरचा लोभ तूर्त त्यालाच दे.

अन्सेल्मो

---

ला हाग्वा,
१ डिसेंबर

ति. दादास सा. न. वि. वि.

हसू नकोस म्हणालास म्हणून आधी हसून घेतलं, मग लिहायला बसले.

चेन्चो सुखरूप आहे. गाडी वळणावर आली तेव्हा टपावर खुर्ची एकटीच झुलत होती. शेजारच्या म्हाताऱ्याने छातीवर क्रॉस काढला, त्याला वाटलं की एखादा बिशप येतोय. चेन्चोने खुर्ची ओसरीत ठेवली आणि आईला म्हणाला की ही तुला आणली. आई बसली ती बसलीच. आता ती खुर्चीतूनच कोंबड्यांना दाणे टाकते, खुर्चीतूनच जपमाळ ओढते आणि खुर्चीतूनच मला स्वयंपाक शिकवते. तुझ्या समारंभाचं निदान एवढं तरी भलं झालं.

तो मात्र तिच्या पायाशी उकिडवा बसून युकाचे कंद सोलतो. इतका सोलतो की आम्ही तिन्ही त्रिकाळ तेच खातो. सदरा अंगातून काढत नाही. मी विचारलं की बाबा रे, आता तुझं पुढे काय? तर म्हणतो, पुढे काय म्हणजे? मी रजेवर आहे. माझा सदरा कुणी मागितलेला नाही. मागितलेला नसताना मी संघाबाहेर कसा?

आणि दादा, यात त्याचं चुकतं कुठे ते मला सांग.

आईला सगळं कळलं आहे. तिच्यापासून लपवायचं म्हणजे मांजरापासून मासा लपवायचा. मी हळूच म्हटलं की सदरा मळलाय, तोवर धुऊन ठेवू का? तर आई झुलत म्हणाली, कसला सदरा? माझ्या दारात कुणी सदरा मागायला आलेलं मला माहीत नाही. माझी परात कोरडीच राहील.

दोघं मिळून झुलतायत आणि सोलतायत. मी दमले.

रागावलेय, पण तुझीच,
एनेरिया

---

ला हाग्वा,
१२ डिसेंबर

ति. दादास चेन्चोचा नमस्कार.

साष्टांग घालत नाही. गुडघे दुखतात, तुला माहीतच आहे.

इथे बातम्या वेळेवर पोचतात. गाडीवाला घाट चढताना हॉर्न वाजवतो. बगळे जिंकले तर दोनदा, हरले तर एकदाच पण लांब. सध्या नुसता लांब हॉर्न ऐकतोय. आमची गाय त्या आवाजाला हंबरायला शिकली.

असंही कळलं की विल्फ्रिदो माझ्या जागी प्लेटमागे बसला की लोक सदरा कुठाय, सदरा कुठाय, म्हणून ढोलावर ठेका धरतात. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला गुदगुल्या झाल्या. दोन दिवस युका गोड लागली. मग नाही लागली. त्या पोराने काय केलंय?

मला गुडघ्यांचं सांगू नकोस. माती चोळतो ते का चोळतो हे तुला कळतं आणि तुला कळतं हे मलाही कळत होतं. दोन वर्षं तू माझ्या हाताकडे बघतोस आणि मी तुझ्या डोळ्यांकडे. कॅचरला सगळं मैदान दिसतं, दादा. मी वाट बघत होतो. दारावर थाप पडेल, तू टोपी काढून उभा राहशील, मी तुला चार शिव्या घालीन, मग दोघं मिळून रम पिऊ. त्या शिव्यासुद्धा मी तयार ठेवल्या होत्या, चांगल्या होत्या.

तो काणा पिचर होता ना, त्याच्या दारात तू गेलास. ज्याने तुझ्यावर कुत्रं सोडलं त्याच्या दारात गेलास. परक्यांना मान दिलास आणि भावाला खुर्ची दिलीस. मी तुझा धाकटा आहे म्हणून मला मिठाई देऊन दात उपटायचा होता का? राग आहे तो याचा. बाकी कशाचा नाही.

विल्फ्रिदोला सांग की चेंडू आत येताना डावा खांदा पाडतोस, म्हणून पंचाला चांगला चेंडूही फार खाली वाटतो. मी सांगितलं म्हणू नकोस.

वहिनीला नमस्कार. सांकोचो करत असेल तर वाऱ्याची दिशा बघून कर म्हणावं.

रजेवर असलेला,
चेन्चो

---

॥ आल्ताग्रासिया माउली प्रसन्न ॥

सांता ब्रिहिदा,
२२ डिसेंबर

चि. चेन्चोस दादाचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. मग देवळात जाऊन बसलो. माउलीपुढे दर वेळी काहीतरी मागतो, या वेळी काही मागितलं नाही. तिच्याकडे मागण्यासारखं नव्हतं, तुझ्याकडेच मागण्यासारखं होतं.

तू लिहिलंस ते खरं आहे. परक्याच्या दारात मी कारभारी म्हणून जातो, शिवी त्या टोपीला लागते. तुझ्या दारात टोपी काढली असती तर खाली फक्त मी उरलो असतो. मला त्याची भीती वाटली.

जे दारात बोलायचं ते या कागदावर बोलणार नाही, नाहीतर पुन्हा तीच चूक होईल. सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, सकाळच्या गाडीने येतो. कुत्रं पाळलं असशील तर सोडून ठेव.

विल्फ्रिदोला खांद्याचं सांगितलं. त्याने विचारलं की हे चेन्चोभाऊ म्हणाले का? मी बॅटी मोजायला लागलो. त्याला कळलं. मग तो म्हणाला की मी पुन्हा बैलगाडीवर जाऊ का, बैल निदान नंबर विचारत नाहीत. मी म्हटलं सणापर्यंत थांब.

तुझ्या शिव्या विसरू नकोस.

दादा

---

ला हाग्वा,
८ जानेवारी १९७२

ति. दादास एनेरियाचा सा. न. वि. वि.

गाडीत जागा मिळाली ना? तुझी टोपी इथेच राहिली आहे. काढलीस ती परत घालायलाच विसरलास.

तू गेल्यावर काय झालं ते तुला कळायला हवं, म्हणून लिहिते. अख्खी आळी कुंपणाला टेकून बघत होती हे तू बघितलंस. नंतर सगळ्यांनी निकाल दिला. कोपऱ्यावरच्या म्हातारीचं म्हणणं की अन्सेल्मोचा आवाज एकदाही देवळातल्यासारखा झाला नाही. चेन्चोने तुला शेंगांची अख्खी पाटी निवडून होईपर्यंत उन्हात उभं ठेवलं हे मला आवडलं नाही, पण आईने मला डोळ्यांनी गप्प बसवलं. शिव्यांबद्दल आमचे हे म्हणतात की दुसरी आणि चौथी फार सुंदर होती. या महिन्याचं त्यांचं बोलणं झालं.

तू वळणापलीकडे दिसेनासा होईपर्यंत चेन्चो फाटकात उभा होता. मग आत आला, सदरा काढला, घडी न करता आईच्या मांडीवर ठेवला आणि मागे बागेत गेला. आई खुर्चीतून उठली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणी हात न देता उठली. मला म्हणाली, परात आण, आणि तू हात लावायचा नाहीस.

तुमच्या मैदानाची तांबडी माती काही सुटेना. तिने तीनदा पाणी बदललं, लिंबू घासला, मग कोपरापाशी थोडा डाग राहिलाच, तो तिने राहू दिला. खळ युकाची घातली, त्याने सोललेल्या युकाचीच. दोरीवर वाळत घातलेला सदरा चेन्चो मागच्या बागेतून बघत होता. मी गेले तर म्हणाला की मी बघत नाहीये, कावळे हाकलतोय. दोरीवर एकही कावळा नव्हता, दादा. मीही मग त्याच्याबरोबर थोडा वेळ कावळे हाकलले.

तो माउलीच्या दिवशी, एकवीस तारखेला येतोय. ताट मांडून ठेवायला सांग, आणि मग उचलू नका.

तुझी लाडकी (दुसरी बहीण नाही म्हणून),
एनेरिया

---

सांता ब्रिहिदा,
२३ जानेवारी

ति. आईस चेन्चोचा शि. सा. नमस्कार.

ताई, हे आईला मोठ्याने वाचून दाखव आणि मधेमधे स्वतःचं घालू नकोस.

आई, सदरा चुरगळू न देता पोचवला. गाडीत मांडीवर तान्ह्या पोरासारखा धरला होता. शेजारच्या बाईने विचारलं की लग्नाला चाललात का? म्हटलं, हो, पण नवरदेव दुसरा आहे.

माउलीचा दिवस म्हणून मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. पाद्रीबाबांनी बॅटींवर तीर्थ शिंपडलं आणि एकेका गड्याचं नाव पुकारलं. म्हाताऱ्याला वीस वर्षांची सवय. कॅचर म्हणून माझंच नाव घेतलं. सगळं मैदान एका सुरात हजर म्हणून ओरडलं. मग चूक लक्षात आली. सगळे माझ्याकडे बघायला लागले, दादा तर पांढरा पडला. मी म्हटलं, बाबा, मी हजर आहे, पण सदऱ्याशिवाय. आणि विल्फ्रिदोला बाकड्यावरून ओढून पुढे आणलं.

 मी त्याच्या अंगात सदरा घातला, बटणं लावली. तुझी खळ इतकी कडक की त्याला मान वळवता येईना. सदरा त्याला ढगळ होतो. त्याला कानात म्हटलं की सांकोचो खात जा, भरेल. टाळ्या झाल्या, पण निम्म्याच. निम्मे लोक माझ्याकडे बघून डोळे पुसत बसले होते, आणि असल्या टाळ्यांवर कुणी सामना जिंकत नाही. मला ते कळत होतं आणि त्यालाही.

मी दादाशेजारी फळीवर गेलो. बसलो म्हणजे आपला उकिडवा, नेहमीसारखा. चौथ्या डावात विल्फ्रिदोने असा चेंडू झेलला की मी स्वतः त्याचा मुका घेतला असता, आणि पंच म्हणाला खाली होता. आई, मी उठून त्या पंचाच्या डोळ्यांबद्दल, त्याच्या चष्म्याबद्दल आणि तो चष्मा विकणाऱ्याबद्दल जे बोललो ते लिहीत नाही, ताईला मोठ्याने वाचावं लागेल. तीर्थाचा दिवस होता. दादाने छातीवर क्रॉस काढला आणि मग, ऐक हं, दादासुद्धा ओरडला! देवळातल्या आवाजात नाही. मग सगळ्या फळ्या उठल्या. ढोल वाजला, पण ठेका वेगळा होता: नऊ नंबर, नऊ नंबर. विल्फ्रिदोने एकदा मागे वळून बघितलं, खांदा सरळ केला आणि पुन्हा बसला.

आठव्या डावात त्यांचा एक गडी दुसरा बेस चोरायला पळाला. विल्फ्रिदो उठला. जमिनीला हात लावला नाही. चेंडू गेला आणि पळणारा गडी बेसच्या एक हात अलीकडेच बाद झाला. मी फळीवर उभाच राहिलो होतो, मग पुन्हा उकिडवा बसलो, तर गुडघे कुरकुरले. मागे एक जाड बाई होती, सुकी मासळी विकते तीच, वीस वर्षं माझ्या नावाने ओरडून जिचा आवाज चिरला. ती माझ्या पाठीत बोट खुपसून म्हणाली की अहो, जरा नीट खाली बसा की, तुमच्या डोक्यामुळे आमचा कॅचर दिसत नाही.

आमचा कॅचर म्हणाली, आई.

मी दादाकडे बघितलं. तो मैदानाकडे बघत होता, पण सरकून त्याने फळीवर माझ्यासाठी जागा केली. आणि मी बसलो. पाय लांब करून, मागच्या फळीला पाठ टेकून, माणसासारखा बसलो. बरं वाटतं गं. इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही.

जिंकलो. हॉर्न दोनदा ऐकू आला असेल, गायीने काय केलं ते कळव.

येत्या रविवारी सामना नाही, म्हणून आम्ही दोघं तुझ्याकडे येतोय. दादाला त्याची टोपीही न्यायची आहे. वहिनी सांकोचो बांधून देणार आहे. तुझी माया आहेच, ती कमी करू नकोस, फक्त एक कर. आल्यावर तासभर त्या खुर्चीतून ऊठ. मला एकदा बसून बघायचंय.

तुझा,
चेन्चो